दोरा बांधलेला गहू

कडेची ओळ

गव्हाच्या चाचणीच्या शेतात सगळ्यात बाहेरची ओळ मोजत नाहीत. वारा आधी तिला लागतो, गुरं आधी तिलाच तोंड लावतात, बांधावरून येणारा-जाणारा सहज हात घालतो तोही तिच्यातच. आतल्या ओळींचं गणित बिघडू नये म्हणून ती उभी केलेली असते. तिच्यात दुकानातला कुठलाही गहू टाकला तरी चालतो.

हेमालीने हे येसूबाईला पहिल्याच वर्षी शेतात उभं करून समजावलं होतं. काकी, ही बाहेरची तुमची. खा, दळा, कोंबड्यांना घाला. आतल्याला मात्र मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. येसूबाईने मान डोलावली होती. त्या दिवसापासून ती स्वतःच्याच शेतात पाहुण्यासारखी चालायची, पदर आवरून, ओळींच्या मधून जपून पाऊल टाकत.

म्हणजे तिने ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये.

आतली ओळ

नागावच्या किनाऱ्यावर बनाना राइडवाले पर्यटकांना हाका मारत असतात, तिथून आत यायचं. घरगुती मुक्कामाच्या पाट्या आणि नारळांच्या वाड्या संपल्या की भाताची खाचरं लागतात, आणि खाचरांच्या शेवटी खाडीचा बांध. तिथे अंबाजीचं आणि त्याच्या बायकोचं, येसूबाईचं, शेत. पावसाळ्यात भात, नंतर वाल, थोडा पांढरा कांदा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. गहू इथे कुणी पेरत नाही. गहू रेशनच्या दुकानात पिकतो, असं अंबाजी म्हणायचा.

तरी गेली तीन वर्षं त्याच्या खाचरात गहू उभा राहत होता, कारण हेमालीला एक वाईट जागा हवी होती.

ती कंपनीत गव्हाचं नवं वाण तयार करायच्या कामावर होती. कंपनीचं मोठं शेत घाटावर, गव्हाच्या मुलखात. तिथे रात्री थंड पडतात, गहू खुशीत असतो, सगळ्याच ओळी छान दिसतात. पण ऊस तुटल्यावर किंवा कांदा काढल्यावर उशिरा गहू पेरणारे शेतकरी होते. त्यांच्या गव्हावर ऐन दाणा भरायच्या वेळी उन्हाचा तडाखा येतो, आणि पोत्यात दाण्यांऐवजी सुरकुतलेल्या चुण्या भरल्या जातात. हेमालीला त्यांच्यासाठी गहू हवा होता. उन्हात टिकणारा. त्यासाठी असं ठिकाण पाहिजे, जिथे गव्हाचे हालच होतील. तिला आपला मुलूख आठवला. ती इथलीच, दिघीच्या खाडीच्या आतल्या बाजूच्या गावातली, भातकऱ्यांच्या घरातली. इथे फाल्गुनात रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारी हवा, खारा वारा, पानांवर करपा. इथे उशिरा पेरलेल्या ज्या रोपाने दाणा भरला, ते कुठेही भरेल.

गावाने पोटभर हसून घेतलं. अंबाजीला चपातीवाला म्हणायला लागले. अंबाजीही कमी नव्हता. चावडीवर कुणी विचारलं की तो सांगायचा, मुंबईचे लोक समुद्र बघायला पैसे मोजतात आणि ही कंपनी गहू मरताना बघायला मोजते, ज्याची त्याची हौस.

आणि गहू मरायचा. पहिल्या वर्षी मेला, दुसऱ्या वर्षी मेला. ओंबी बाहेर पडायची, कुसळं सोन्यासारखी चमकायची, बांधावरून बघणाऱ्याला वाटावं काय पीक आलंय. ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली की भुशाबरोबर दाणेही उडून जायचे, इतके ते हलके.

तिसऱ्या वर्षी, पेरणीच्या आधी, हर्षद मांडव्याला बोटीने उतरून शेत बघायला आला होता. हर्षद हेमालीचा वरिष्ठ. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तो बांधावरच उभा राहिला आणि दोन गोष्टी सांगून गेला. एक, किनाऱ्यावरचं हे शेवटचं वर्ष, यंदा काही हाती आलं नाही तर बंद. दुसरी गोष्ट त्याने गाडीत बसल्यावर काच खाली करून सांगितली.

"चांगलं काही दिसलं तर पाटी लावू नकोस. कोणाला दाखवू नकोस. ज्यांचं शेत आहे त्यांनाही नाही."

घाटावरच्या शेतात आदल्या वर्षी असंच झालं होतं. ज्या रोपांना पत्र्याच्या पाट्या लावल्या होत्या, नेमक्या त्यांच्याच ओंब्या कुणीतरी खुडून नेल्या. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हेमालीने मान हलवली. तिला ते पटलंही. हे पुढे तिने स्वतःपासून लपवलं नाही, की तेव्हा तिला ते पटलं होतं.

आतली ओळ, पुढे

फाल्गुनातल्या एका दुपारी ती शेतात फिरत होती. ओळीमागून ओळ, ओंबी चोळायची, फुंकर मारायची, पुढे जायचं. एका ओळीतली सगळी रोपं एका आईची लेकरं असतात, पण या वयात एकासारखं दुसरं नसतं. कुणी उंच, कुणी खुजं, कुणाला फुटवे जास्त. म्हणून प्रत्येकाकडे वेगळं बघावं लागतं. बघून बघून तिचे तळहात कुसळांनी खरचटले होते. येसूबाई बांधावर वाल सोलत बसली होती आणि मधूनमधून मान वर करून तिच्याकडे बघत होती.

खाडीच्या अंगाच्या एका ओळीत, साधारण मध्यावर, हेमाली थांबली.

उंचीला बेताचं रोप. आजूबाजूची भावंडं वेळेआधीच वाळून पेंढा झालेली, आणि याच्या ओंबीखालचं पान अजून हिरवं. तिने एक ओंबी चोळली. फुंकर मारली. भुसा उडाला, दाणे हातावर राहिले. टपोरे. नखाने दाबला तर आत घट्ट पिठूळ.

तिने दुसरी ओंबी चोळली नाही. तोंड फिरवून ती उगाचच दोन ओळी पुढे गेली, तिथल्या ओंब्या चोळल्यासारखं केलं आणि परत आली. रोप तिथेच होतं.

जागा टिपून ठेवली तरी भरवसा नव्हता. पिकल्यावर सगळंच पिवळं होणार, पान वाळणार, मग हे रोप गर्दीत गेलं तर ओळखायचं कसं. आणि पाटी लावायची नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. खिशात काही नव्हतं. ती बांधावर गेली आणि येसूबाईला म्हणाली, काकी, एखादा दोरा आहे का, वीतभर?

येसूबाईने सुरी खाली ठेवली. उठली, घरात गेली, येताना हात धुऊन आली. तिच्या चिमटीत लाल दोरा होता, देवाच्या कोनाड्यातला. हेमालीने तो घेतला, रोपाच्या बुडाशी सगळे फुटवे एकत्र धरून सैल गाठ मारली आणि उभी राहिली तेव्हा येसूबाई ओळींच्या मधून पाठोपाठ आलेली होती.

"काय गो, याला कशाला?"

"काही नाही काकी. असंच."

येसूबाई हसली. तिने पुढे काहीच विचारलं नाही. हेमालीला बरं वाटलं, की म्हातारीने विषय वाढवला नाही.

न उगवलेली ओळ

प्रत्येक शेतात एखादी ओळ उगवत नाही. तिची जागा मोकळी सोडतात, तिथे दुसरं काही पेरत नाहीत. इथेही एक अशी आहे.

काय गो, याला कशाला?

काकी, या एवढ्या शेतात हे एकच रोप जगलंय. याच्या बियाण्यासाठी मी तीन वर्षं तुमच्याकडे येतेय. कुणाला सांगू नका, पण याच्यावर नजर ठेवा.

बरं बाय. ठेवते.

एवढंच. भांडं विसळायला लागतो तेवढा वेळ.

दोऱ्याची गोष्ट

येसूबाईच्या गावात भात पिकलं की विळा लावायच्या आधी घरची बाई शेतात फिरते. लोंब्या हातात घेऊन बघते. जो चूड, म्हणजे एका बुडातून फुटलेला भाताचा झुबका, सगळ्यात भरलेला, त्याला लाल दोरा बांधते. तो चूड बांधावरच्या राखणदाराचा. राखणदार म्हणजे शेंदूर लावलेला एक धोंडा, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधावर बसवलेला. कापणी सुरू करायची तर तो चूड आधी कापायचा, त्याशिवाय शेताला विळा लागत नाही. अर्धे दाणे खाडीकडे तोंड करून उधळायचे. उरलेल्यांची खीर करून घरादाराने खायची.

आणि दोरा बांधलेल्याबद्दल बोलायचं नाही. हा चूड का, तो का नाही, कुणासाठी, काही नाही. विचारणारे मुद्दाम विचारतात, थट्टेने, आणि बांधणारीने म्हणायचं असतं, काही नाही, असंच.

हे सगळं हेमालीला ठाऊक होतं. दिघीकडे तिची आत्या असंच करायची. लहानपणी हेमाली तिच्या मागे मागे खाचरात फिरायची, आत्या, हा कशाला, आत्या, हा कशाला, करत, आणि आत्या तिला दरवेळी हेच उत्तर द्यायची. पण शाळा, मग दापोलीचं कॉलेज, मग घाट, मग कंपनी. मधल्या वर्षांत कुठेतरी ते गळून पडलं. आपण विसरलोय हेही माणसाला आठवत नाही.

येसूबाईने काय पाहिलं? शहरात शिकलेली मुलगी दुपारभर उन्हात फिरली. एक-एक ओंबी हातात घेऊन बघितली. सगळ्यात भरलेली निवडली. येऊन दोरा मागितला. बांधला. आणि विचारल्यावर नेमकं जे म्हणायचं ते म्हणाली.

त्या संध्याकाळी येसूबाईने अंबाजीला सांगितलं, की पोर आपल्यातली हाय, विसरली न्हाय.

आतली ओळ, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

मधले दिवस हेमाली घाटावर होती, तिथल्या कापणीला. अंबाजीला तिने फोनवर दोनदा बजावलं, मी येईपर्यंत विळा लावू नका. अंबाजी म्हणाला, न्हाय लावत, तू ये निवांत. फोन ठेवून त्याने येसूबाईला विचारलं, की पोर येईल आणि लगेच कापायला घेईल, तर दोऱ्याचं काय करायचं, तिला सवड असेल का. येसूबाई म्हणाली, घरची बाई मी हाय की. पाडवा चांगला दिवस होता. गहू पिकला होता.

हेमाली आली ती पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, गाडीत कापडी पिशव्या आणि कात्री घेऊन. सबंध घाट उतरताना तिच्या डोक्यात ते एकच रोप होतं. मूठभर बी निघेल. ते पेरलं की पुढच्या वर्षी काही ओळी, त्यातून निवड, त्यापुढच्या वर्षी वाफे, मग शेतकऱ्यांच्या शेतात चाचण्या. अजून बरीच वर्षं होती, पण वाट दिसत होती. नाव काय द्यायचं हेही तिने ठरवत आणलं होतं, आणि लवकर ठरवलं की दृष्ट लागते म्हणून मध्येच थांबवलं होतं.

येसूबाईने तिला ओटीवर बसवलं. आधी खा, मग शेत. पाण्याचा तांब्या, आणि फ्रिजमधून काढून गरम केलेली वाटीभर खीर. नारळाच्या दुधातली, गुळाची, वेलची घातलेली. अख्खा गहू दाताखाली येत होता, मऊ, टच्च फुगलेला. थोडे तांदूळही होते.

"तुज्याच गव्हाची हाय," येसूबाई म्हणाली.

हेमाली हसली. कडेच्या ओळीतला बाजारचा गहू, तोही इथे बरा भरला म्हणायचा. तिला भूक होती. तिने वाटी संपवली, बोटाने पुसून घेतली, छान झाली म्हणाली. अजून घे, म्हणाली येसूबाई. हेमालीने अजून घेतली. पातेल्यात तेवढीच उरली होती.

मग ती शेतात गेली.

ओळी उभ्याच होत्या, वाळून करकरीत. अंबाजीने शब्द पाळला होता. खाडीच्या अंगाच्या त्या ओळीत, मध्यावर, एक जागा मोकळी होती. बुडखा जमिनीलगत स्वच्छ कापलेला, विळ्याने, एका फटक्यात. आजूबाजूच्या रोपांना धक्कासुद्धा लागला नव्हता.

ती तिथेच खाली बसली. आधी तिला वाटलं ओळ चुकली. मग वाटलं चोरी. हर्षदचं बोलणं खरं झालं. दोरासुद्धा नेला. घाटावरही असंच झालं होतं, ती स्वतःशी म्हणाली, आणि तिने मान वळवून बांधाकडे पाहिलं. बांधावर धोंड्यापुढे गव्हाची फोलपटं पडली होती, आणि कालचं जास्वंदीचं फूल.

आता आठवलं. एकदम आठवलं. आत्याचा हात, दोरा, खाचरातलं पाणी, सगळं.

आणि तोंडात अजून वेलचीची चव होती.

ती घरात आली ती सुपाकडेच गेली. सूप भिंतीला उभं होतं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, त्याच्या विणीतून बोट फिरवलं. उखळाशी वाकली. गहू ओलवून हलक्या हाताने कांडला असणार, एखादा दाणा उडालेला असेल. जमीन सारवलेली नव्हती, लादीची होती, आणि सकाळीच पुसली होती. तिने उखळाच्या मागे हात घातला. एक दाणा मिळाला. उजेडात धरला तर तो तांदूळ होता.

येसूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात घडी घातलेला लाल दोरा होता. पुढल्या वर्षाला उपयोगी पडेल म्हणून तो हेमालीला द्यायचा असं तिच्या मनात होतं. मुलीचं तोंड बघून ती थांबली.

"काय हरवलं गो?"

हेमाली उठली. पोटात गेलेलं सांगून काय होणार. म्हातारीच्या जिवाला लागेल. आणि सांगायचं तर आधीचंही सांगावं लागेल, की तुम्हाला दाखवायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी ते मानलं. तिच्या मागे देवाचा कोनाडा होता, त्याचा पडदा ओढलेला होता. ती त्याला जवळजवळ टेकून उभी होती.

"काही नाही काकी. असंच."

येसूबाई या वेळी हसली नाही. तिने दोरा कमरेच्या पिशवीत ठेवला आणि चहा टाकायला वळली.

न उगवलेली ओळ

(इथेही काही नाही.)

वर्षाची बाकी

त्या ओळीतल्या भावंडांचं बी हेमालीने गोळा करून नेलं. चुण्या होत्या. आईबापांचा संकर पुन्हा करता आला असता, पण तेच रोप पुन्हा पडेल असं नसतं, आणि पडलं तरी ते ओळखायला हीच वाईट जागा लागणार. हर्षदने फोनवर विचारलं, किनाऱ्याने काय दिलं? ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, ठीक आहे, निदान कळलं तरी. आणि किनारा बंद झाला.

त्या उन्हाळ्यात ती घाटावर एका शेतकऱ्याच्या खळ्यावर उभी होती. उशिराचा गहू. त्याने मूठ भरून तिच्यापुढे धरली. मुठीत चुण्या होत्या. तिच्या जिभेवर गूळ आला. त्यानंतर खीर कुणी पुढे केली की ती नको म्हणते, घरचे समजतात साखरेचं काहीतरी असेल.

कडेची ओळ, दुसऱ्या बाजूची

अंबाजीच्या शेतात कंपनीचं सामान राहिलं होतं. पाण्याचे तुषारपाइप, हवामान टिपायची पेटी. ते न्यायला हेमाली दसऱ्याच्या आधी आली. खरं तर ड्रायव्हर एकटा आला असता तरी चाललं असतं.

खाचरात भात पिवळं होऊन वाकलं होतं. जिथे गहू मेला तिथेच हे भात, लोंब्यांनी जड. अंबाजीने विचारलं, यंदा गहू कवा पेरायचा, वाल किती जागेत टाकू. हेमाली म्हणाली, यंदा नाही. मग म्हणाली, यंदा नाही म्हणजे आता नाहीच. अंबाजीने गुडघे चोळले. चपातीवाल्याची चपाती गेली म्हणायची, असं काहीतरी तो म्हणाला, पण त्याच्या थट्टेत जीव नव्हता. त्याला तो मरणारा गहू आवडायला लागला होता, हे तिला आत्ता दिसलं.

का बंद, असं येसूबाईने विचारलं. साधाच प्रश्न. हेमालीने एवढे महिने तयार ठेवलेली उत्तरं होती, कंपनीचं धोरण, वरचे लोक. ती म्हणाली, काकी, तुम्ही पाडव्याला कापलंत ना, दोरा बांधलेलं, तेच एक रोप जगलं होतं. तेच हवं होतं. त्याचंच बी करायचं होतं.

मग तिने सगळं सांगितलं. हर्षद, गाडीची काच, पाटी लावायची नाही, तुम्हालाही सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. माझं मलाच आठवलं नाही की दोरा कशाला बांधतात. सांगताना ती अंबाजीकडे बघत होती, येसूबाईकडे नाही.

वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, त्याचा धप्‌ धप्‌ आवाज येत होता.

"मंग त्या दिवशी सूप कशाला चाळत व्हतीस? दाना शोधीत व्हतीस?"

"हो."

"दाना कशाला. ओंबी व्हती की."

हेमालीने वर पाहिलं.

येसूबाईने हाताने आतल्या कोनाड्याकडे दाखवलं. दोऱ्याच्या चुडातली एक लोंबी मळायची नसते, कांडायची नसते. ती देवापाशी ठेवायची, पुढच्या पुनवेपर्यंत, आणि पुनवेला खाडीत सोडायची. पडद्यामागे होती ती. अख्खी. हेमाली त्या पडद्याला टेकून उभी होती. चैत्राच्या पुनवेला अंबाजीने बांधावर जाऊन ती ओहोटीच्या पाण्यात सोडली.

आत्याच्या घरीही एक लोंबी ठेवत. हेही हेमालीला ठाऊक होतं. हेही.

एक ओंबी. एक ओंबी म्हणजे चाळीसेक दाणे. एक ओंबी म्हणजे सगळंच.

"पन तू म्हनालीस, असंच," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी म्हनलं, बोलायचं न्हाय म्हनून बोलत न्हाय. तुजं तोंड बघून मला वाटलं बी, इचारावं. पन दोऱ्याचं इचारत न्हाईत."

"काकी, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. कापलं मी, ते माजं. पन तीन वर्सं माज्या हातचं जेवलीस नि आमाला तू कडंच्या वळीत धरलंस गो."

अंबाजी म्हणाला, जाऊ दे आता. येसूबाई जाऊ देणार नव्हती. ती उठली, आत गेली, कोनाड्याचा पडदा सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या चिमटीत लाल दोरा होता. तोच. एका टोकाला गव्हाची बारीक काडी अजून चिकटलेली होती. हेमालीने हात पुढे केला. येसूबाई तिच्या हातावरून पुढे निघून गेली, पायऱ्या उतरून, खाचरात.

हेमाली मागे गेली. बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं. येसूबाई भातातून हळूहळू चालली होती. एक लोंबी हातात घ्यायची, तोलायची, सोडायची. खाडीच्या अंगाला ती वाकली, एक चूड दोन्ही हातांनी एकत्र धरला आणि दोरा बांधला.

विचारायचं नसतं, हे आता हेमालीला पक्कं आठवत होतं.

येसूबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि तिच्याकडे वळली.

"हा," ती मोठ्याने म्हणाली, बांधावरच्या अंबाजीलाही ऐकू जाईल असं. "याच्या लोंब्या भरल्यात. बुडाला कीड न्हाय. म्हनून हा. राखनदाराला."

अंबाजीने दचकून मान वर केली. तिच्या हयातीत तिने दोऱ्याचं बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्याला ते आवडलं नाही, हे लांबूनही दिसत होतं. येसूबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"समजलं?" तिने हेमालीला विचारलं.

"समजलं."

"मंग जा. तुजे पाइप ने."

हेमालीने पाइप गोळा केले. खारं पाणी सुकून त्यांच्यावर पांढरा थर चढला होता, तो हाताला लागत होता. ड्रायव्हरने पेटी गाडीत ठेवली. निघताना ती ओटीपाशी थांबली, येते म्हणाली. अंबाजी म्हणाला, ये. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि तो थांबला नाही.